कावळ्याला विचारण्यापूर्वी

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडले जातात आणि मंडळी चार पावले मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागतात. कावळा लगेच आला तर सर्वांना हायसे वाटते. आला नाही तर जमलेल्यांत कुजबुज सुरू होते : जिवाला काय लागून राहिले असावे ? मग थोरला मुलगा हात जोडून सांगतो की धाकटीचे लग्न नीट करून देऊ; भाऊ म्हणतो की वहिनींना अंतर देणार नाही; कोणी पानाशेजारी चहाची कपबशी आणून ठेवतो, कोणी तंबाखूची पुडी. एवढे करूनही कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि पुढचा विधी उरकतात.

बुद्धिवाद्यांनी या काकस्पर्शाची पुष्कळ थट्टा केली आहे आणि ती अकारण केलेली नाही. परंतु त्यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मरणोत्तर विधींच्या त्या दिवसांत गेलेला माणूस जसा होता तशी त्याची आठवण काढण्याचा हा बहुधा एकच क्षण असतो. एरवी त्याचे नाव आणि गोत्र तेवढे उच्चारले जाते. आरंभी तो 'प्रेत' असतो, सपिंडीकरणानंतर 'पितर' होतो. तो शाळामास्तर होता की पोस्टातला कारकून, त्याने कोणासाठी काय सोसले, कशात त्याचा जीव रमत असे, याची चौकशी विधी करीत नाही. ती चौकशी कावळा अडून बसतो तेव्हा होते. या माणसाला काय हवे होते, हा प्रश्न घरच्यांना त्या घटकेला पडतो. आणि त्याचे उत्तर देऊ शकणारा एकटा माणूस त्या घटकेला तेथे नसतो.

हा प्रश्न वेळेवर विचारावा आणि मिळालेल्या उत्तराला अंत्यविधीत स्थान द्यावे, अशी एक विचारसरणी अलीकडे शहरांतून मूळ धरू लागली आहे. मृताच्या आवडीचे गाणे लावणे, त्याची छायाचित्रे मांडणे, मित्रांनी चार शब्द बोलणे, तेराव्याच्या जेवणावळीचा खर्च एखाद्या ग्रंथालयाला देणे, असे तिचे निरनिराळे आविष्कार दिसतात. अनेकांना हे पाश्चात्त्यांचे अनुकरण वाटते. परंतु थोडे मागे वळून पाहिले तर ही वाट आपल्या मातीतही पूर्वीपासून मळलेली होती, असे दिसून येईल.

दगडावर कोरलेले आयुष्य

महाराष्ट्राच्या गावोगावी, देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ, वीरगळ उभे आहेत. त्यांतील खालच्या चौकटीत तो माणूस कसा पडला हे कोरलेले असते : कोठे तो शत्रूशी लढत आहे, कोठे गावची गुरे पळविणाऱ्यांना अडवीत आहे. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जातात आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. बहुतेक वीरगळांवर नाव नाही. तरीही या माणसाने गुरांसाठी प्राण दिला एवढी गोष्ट शेकडो वर्षांनंतर वाटसरूला कळते. विधीमध्ये नाव राहते आणि करणी पुसली जाते. येथे नाव पुसले गेले, करणी राहिली.

गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरच्या मुलुखात माडिया लोक मृतांसाठी शिळा आणि लाकडी स्तंभ उभारीत आले. वारकऱ्याच्या घरी कोणी गेले तर टाळमृदंगाच्या घोषात भजन म्हणत त्याला नेतात. ज्या नामात त्याचे आयुष्य गेले त्याच नामात त्याची शेवटची वाट सरते. तेव्हा माणसाला त्याच्या जगण्याशी जुळणारा निरोप द्यावा, ही जाणीव परकी नव्हे.

तीन चिता

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या इतिहासात असे काही अंत्यविधी घडले की ज्यांचा अर्थ त्या त्या माणसाच्या आयुष्याला जोडूनच लागतो.

महात्मा जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात निवर्तले. आपला देह न जाळता पुरावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु वस्तीत पुरण्यास परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या आपल्या ग्रंथात त्यांनी अंत्यविधीचाही विचार केला होता. दत्तक पुत्र यशवंत याने आपले अंत्यविधी करावेत असा त्यांचा मानस होता. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरावयाचे यावरून भाऊबंदकीचा वाद उपस्थित झाला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन चालू लागल्या, असे चरित्रकार सांगतात. ज्या पुरुषाने पत्नीला अक्षर शिकवून शिक्षिका केले, त्याला अग्नी देण्यासाठी तीच पुढे यावी, याहून त्याच्या आयुष्याला अनुरूप असा शेवट दुसरा कोणता असू शकला असता ?

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले. जनसमुदाय असा लोटला की नेहमीची स्मशानभूमी अपुरी पडणार हे उघड झाले. त्यांचा देह बसविलेल्या स्थितीत नेण्यात आला आणि खास परवानगीने गिरगाव चौपाटीच्या वाळूवर चंदनाच्या चितेवर दहन झाले. राजकारण दिवाणखान्यातून लोकांत आणणाऱ्या या पुढाऱ्याला भिंती नसलेली जागाच शेवटी मिळाली.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. त्यापूर्वी जेमतेम दोन महिने, १४ ऑक्टोबर रोजी, त्यांनी नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि डिसेंबरमध्ये मुंबईतही दीक्षेचा सोहळा व्हावयाचा होता. तो त्यांच्या हयातीत होऊ शकला नाही. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने त्यांचा अंत्यविधी झाला आणि त्याच ठिकाणी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट समुदायाला दीक्षा दिली. नेत्याचे अपुरे राहिलेले काम त्याच्या चितेच्या साक्षीने पुढे गेले. ते स्थान आज चैत्यभूमी म्हणून ओळखले जाते.

ही थोरांची उदाहरणे झाली, सामान्यांना त्यांचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. परंतु यांपैकी एकातही थाटमाटाला महत्त्व नव्हते. टिटवे कोणी धरले, चिता कोठे रचली, कोणता संकल्प तेथे झाला, एवढ्याच गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. त्या कोणत्याही दोन खोल्यांच्या घराला परवडणाऱ्या आहेत.

इच्छा कागदावर राहते तेव्हा

पंडित नेहरूंनी १९५४ साली आपल्या इच्छापत्रात लिहून ठेवले होते की मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत. मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडावी आणि उरलेली विमानातून शेतकरी जेथे राबतात त्या शेतांवर विखरावी. मे १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा रक्षेविषयीची इच्छा पाळली गेली. दहन मात्र धार्मिक विधींनीच झाले. ज्याचा शब्द सतरा वर्षे देशाने मानला त्याचाही हा शब्द निम्मा राहिला. उलट स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपला देह विद्युतदाहिनीत जाळावा, दहावे-तेरावे करू नये, आपल्यासाठी दुकाने वा कामे बंद ठेवू नयेत, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये मुंबईत चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीतच त्यांचे दहन झाले. दोघांचे विचार परस्परांपासून कितीही दूर असोत, आपला शेवट आपल्या विचारांशी सुसंगत असावा ही आस्था दोघांचीही सारखीच होती.

यातून सामान्य कुटुंबाने घ्यावयाचा धडा असा की लिहून ठेवणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. मृत्युपत्र कपाटात असते आणि बहुधा दिवसवार आटोपल्यावर उघडले जाते. तोवर ज्याला विधी नको होते त्याचे विधी होऊन गेलेले असतात आणि ज्याला हवे होते त्याचे राहून गेलेले असतात. देहदानाची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. १९४९ च्या शरीरशास्त्रविषयक कायद्याने महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयांना देह स्वीकारण्याचा मार्ग मोकळा केला. माणूस हौसेने अर्ज भरतो. पण प्रत्यक्ष वेळ आली की देह पोचविण्याचे काम नातेवाइकांना करावे लागते आणि तेही थोड्या तासांत. नेत्रदानाला तर सहा तासांपलीकडे उशीर चालत नाही. अशा घटकेला एखादे वडीलधारे आप्त 'हे आपल्यात होत नाही' एवढेच म्हणाले, तरी तो अर्ज रद्दी होतो. म्हणून जे लिहावयाचे ते पत्नीला, मुलांना आणि एखाद्या जवळच्या स्नेह्याला तोंडाने सांगून ठेवलेले असले पाहिजे.

सारखेपणाचे मोल

या साऱ्या विचाराला एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अंत्यविधी सर्वांना सारखे असतात यातच त्यांचे मोठेपण आहे, असे परंपरेचे म्हणणे आहे. मुसलमान समाजात श्रीमंताला आणि गरिबाला साधेच कफन मिळते. रोमन कॅथलिक पंथाच्या उपासनाविषयक नियमांत, अंत्यविधीच्या मिस्सेतील प्रवचन म्हणजे मृताची प्रशंसा होऊ नये, असे स्पष्ट बजावले आहे. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना ही शिस्त परिचित आहे. हिंदूंच्या चितेवरही बॅरिस्टर आणि हमाल यांचे मंत्र निराळे नसतात. शिवाय घरावर आघात झाला असता नवे काही सुचण्याची कोणाची मनःस्थिती नसते. तेव्हा ठरलेला विधी हाताला धरून चालवितो. हे सर्व खरे आहे.

या विधीचे मोल किती ते २०२० आणि २०२१ साली साऱ्यांनाच कळले. करोनाच्या त्या दिवसांत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. अनेकांना तेही भाग्य लाभले नाही. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी परक्यांच्या चितांना अग्नी दिला आणि मुले दुरून पाहत राहिली. त्या कुटुंबांना आजही सलते ते हे की चेहरा पाहता आला नाही, हात लावता आला नाही, चार माणसे जमून 'असा माणूस होता' एवढेही बोलता आले नाही. कोणता मंत्र राहून गेला याची खंत त्या मानाने क्वचितच ऐकू येते.

तेव्हा विधी मोडावा असे कोणी म्हणण्याचे कारण नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याच्यासाठी मंत्र अवश्य व्हावेत. श्रद्धा हाही त्याच्या आयुष्याचा भाग होता. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने संस्कारांच्या पोथ्यांना मराठी अर्थाची जोड दिली आणि स्त्रियांनाही पौरोहित्य शिकविले. त्यामुळे काय चालले आहे ते जमलेल्यांना समजू शकते. सारखेपणाच्या चौकटीत त्या एका माणसासाठी थोडी जागा ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे.

मात्र ती जागा आज भलत्यांनीच भरून टाकली आहे. अनेक गावांत दशक्रियेच्या घाटावर ध्वनिक्षेपक लागतो आणि पुढाऱ्यांची भाषणे होतात. मृत व्यक्ती 'प्रेमळ, मनमिळाऊ व सर्वांना हवीहवीशी' असते. तिच्या जाण्याने 'भरून न येणारी पोकळी' निर्माण होते. नाव बदलले की हेच भाषण दुसऱ्या घाटावर चालते. वृत्तपत्रांतील निधनवार्ता 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' या वाक्याशी संपतात : मागे कोण राहिले ते कळते, कोण गेले ते कळत नाही. दुसरीकडे मुंबई-पुण्यात अंत्यविधीची सर्व व्यवस्था मोबदला घेऊन करून देणारेही निघाले आहेत. धावपळीच्या घरांना त्यांची मदत होते. पण जिव्हाळा हीच विक्रीची वस्तू झाली म्हणजे काय होते, हे अमेरिकेत जेसिका मिटफर्ड यांनी १९६३ सालीच एका गाजलेल्या पुस्तकात उघड करून दाखविले होते. शोकाकुल माणूस भाव करू शकत नाही, यावरच तो धंदा उभा असतो.

निरोप घेणाऱ्यांचा मान

अंत्यविधी मृताच्या आयुष्याशी किती विसंगत होऊ शकतो याचे सर्वांत क्लेशदायक उदाहरण त्याच्या पत्नीच्या वाट्याला येते. चाळीस वर्षे ज्याने पत्नीचा शब्द मोडला नाही, तिला घरच्या प्रत्येक निर्णयात बरोबरीने घेतले, त्याच्याच देहासमोर तिच्या बांगड्या फोडल्या जातात, कुंकू पुसले जाते आणि मंगळसूत्र काढले जाते. त्याला हे चालले असते काय, असे विचारण्याचे धैर्य जमलेल्या शंभर माणसांत एकालाही होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श म्हणून ठेवला. ठरावाने रूढी एका दिवसात जात नाही. परंतु घरातील पुरुषाने आपल्या हयातीत, चारचौघांत, 'माझ्यामागे हिच्या अंगावरचे काही काढू नका' असे सांगून ठेवले, तर त्या एका वाक्याचे बळ ठरावाहून अधिक असते. ते त्याचे शेवटचे म्हणणे ठरते आणि शेवटच्या म्हणण्याचा मान राखण्याची आपल्या समाजाला सवय आहे.

अग्नी कोणी द्यावयाचा हा प्रश्नही याच जातीचा. जून २०१४ मध्ये गोपीनाथ मुंडे यांना परळीत त्यांच्या कन्येने, पंकजा मुंडे यांनी, अग्नी दिला आणि लाखोंनी ते पाहिले. ज्या मुलीने आजारपणात बापाची उशी-पथारी केली तिला बाजूला सारून वर्षानुवर्षे तोंड न दाखविलेल्या पुतण्याला बोलावणे धाडण्यात मृताचा कोणता सन्मान साधतो ?

स्त्रियांच्या बाबतीत तर आयुष्याची नोंदच राहत नाही. म्हातारी गेली म्हणजे 'गं. भा.' एवढी उपाधी लावून बातमी संपते. तिला शेकडो ओव्या पाठ होत्या, अडलेल्या बायकांची सुटका करताना तिने रात्री जागविल्या होत्या, दुष्काळात घर तिने तगविले होते, हे शब्दांत येत नाही. गी प्वातव्हां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या ज्यांनी गाइल्या त्यांच्यासारख्या किती जणींच्या दहाव्या-तेराव्याला त्यांची एक तरी ओवी म्हटली गेली असेल ?

एक कागद आणि एक घटका

मग करावे काय ? साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने एक कागद लिहावा. त्यात एवढेच असावे : विधी हवेत की नकोत, हवे असल्यास किती, अग्नी कोणी द्यावा, डोळे व देह यांविषयी इच्छा काय, खर्च कितीवर थांबवावा आणि वाचलेला पैसा कोठे द्यावा, पत्नीच्या अंगावरच्या वस्तूंना हात लावू नये, आणि देणेघेणे, भांडणे, राहून गेलेली कामे यांपैकी काय मिटवावयाचे आहे. या शेवटच्या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. कावळ्यापुढे हात जोडून जी वचने दिली जातात ती माणसाच्या कानांवर, तो जिवंत असताना पडली, तर त्याचे उरलेले दिवस हलके होतील.

दुसरे काम मागे राहणाऱ्यांचे. स्मशानातील गर्दीत ते शक्य नसते. पण तेराव्याच्या आत एखाद्या संध्याकाळी घरच्या सतरंजीवर एक घटका बसावे. भाषण नको. ज्यांनी त्या माणसाला जवळून पाहिले त्यांनी प्रत्येकी एक घडलेला प्रसंग सांगावा, विशेषण न वापरता. गणिताच्या शिक्षकाचा जुना विद्यार्थी सांगेल की सरांनी सुटीत फुकट शिकविले. कचेरीतला सहकारी सांगेल की यांनी एका खोट्या बिलावर सही करण्याचे नाकारले आणि बढती गमावली. कोणी असेही सांगेल की ते तापट होते आणि नंतर स्वतः येऊन क्षमा मागत. दोष लपविलेले माणूस ओळखू येत नाही. घरातल्या शाळकरी मुलाने हे सर्व एका वहीत टिपून घ्यावे.

श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. त्यामागची नावे जिभेवरून उतरतात. ती वही राहिली तर चौथ्या पिढीला केवळ नाव नव्हे, माणूस भेटेल. अंत्यविधी यथासांग झाला की नाही याची खूणही तिच्यातच सापडेल : तेरा दिवसांनंतर घरातील सर्वांत लहान मुलाला 'आजोबा कोण होते ?' असे विचारावे, आणि त्याला दोन वाक्ये खरी सांगता आली तर काही राहून गेले नाही असे समजावे.